टायर बदलूनही सेडान थरथरतेय? आधी जुने टायर वाचा

ठाणे-नवी मुंबईत सेडान चालवणाऱ्यांची ही तक्रार ठरलेल्या क्रमाने येते. ताशी ऐंशीच्या आसपास स्टेअरिंग थरथरायला लागतं. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) केलं की काही आठवडे गाडी छान चालते, मग पुन्हा तेच. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दुकानदार सांगतो, ‘टायर संपलेत, चारही टाकून घ्या.’ चार नवे टायर पडतात, मोठी रक्कम जाते, आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत थरथर, घुमणारा आवाज किंवा गाडीचं एका बाजूला ओढणं यांपैकी काहीतरी परत हजर. मग दोष नव्या टायरच्या कंपनीला.

बहुतेक वेळा कंपनीचा त्यात काही संबंध नसतो. गाडीचं मूळ दुखणं जुन्या टायरवर स्पष्ट उमटलेलं असतं. ते न बघताच आपण जुने टायर दुकानात सोडून येतो आणि नवे टायर त्याच दुखण्यावर चढतात. म्हणून आधी लक्षण, मग जुना टायर, मग रिम आणि सस्पेन्शन, आणि सगळ्यात शेवटी खरेदी. खरेदी शेवटी, हे मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या सोसायटीत ज्या कोणी ती आधी केली त्या जवळजवळ प्रत्येकाला दुकानात परत जावं लागलं.

थरथर नेमकी कधी येते?

हे घोडबंदर रोडवर कळत नाही. रस्त्याच्या कामांचे बॅरिकेड, पेव्हर ब्लॉकची ठिगळं आणि ट्रेलरची रांग यांतून गाडी बोलतेय की रस्ता, ते ओळखताच येत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर कळंबोली सोडल्यापासून घाट लागेपर्यंतचा सपाट टप्पा यासाठी उत्तम आहे. तिथे कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, म्हणजे ८० ते १०० हा आपल्याला हवा तो वेग नियमात राहून मिळतो. अटल सेतूवरही कारला १०० चालतात, पण पुलाच्या जोडांवरचे हादरे आणि आडवा वारा मधे येतो. शक्यतो सकाळी लवकर जा, टायर थंड असताना हवा बरोबर करून जा, आणि शेजारी बसलेल्याला लिहून घ्यायला सांगा.

ठरावीक वेगाला थरथर येते आणि वेग कमी केला की जाते, तर वजनाचा तोल किंवा रिम. ती हातात, म्हणजे स्टेअरिंगमध्ये जाणवत असेल तर बहुधा पुढची चाकं. सीटमध्ये आणि पायाखाली जाणवत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर टायरला हात लावू नका, ब्रेकच्या डिस्क बघा. चढावर किंवा जोरात अॅक्सिलरेटर दाबल्यावर येते आणि पाय काढला की थांबते, तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट संशयित.

एक लक्षण मात्र गंभीर आहे. तीस-चाळीसच्या वेगालाच गाडी डुलत चालल्यासारखी वाटते आणि दिवसागणिक ते वाढत जातं, तर टायरच्या आतला पोलादी पट्टा सुटत असण्याची शक्यता असते. अशा टायरवर एक्स्प्रेस वेला जाऊ नका. ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या पृष्ठावर, उंचवटा दिसला की स्टेपनी लावा आणि तो टायर बाद करा.

जुना टायर काय सांगतो?

चाक काढून जमिनीवर उभं करा आणि ट्रेडवरून तळहात फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. डोळ्यांपेक्षा हाताला जास्त कळतं.

दोन्ही कडा झिजल्या आहेत आणि मधला भाग चांगला आहे, तर गाडी बराच काळ कमी हवेवर चालली आहे. मधलाच भाग गेला असेल तर जास्त हवेवर. आपल्याकडे दोन्ही प्रकार सर्रास दिसतात. खड्डे कमी लागावेत म्हणून काहीजण हवा २७-२८ पीएसआयवर ठेवतात. गाडी थोडी मऊ वाटते खरी, पण खड्ड्याच्या कडेला टायर रिमच्या ओठापर्यंत चेपला जातो, आतले धागे तुटतात आणि साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, फुगा येतो. फुग्याला दुरुस्ती नाही. उलट बाजूला पंपावरचा मुलगा विचारतो ‘पस्तीस करू?’ आणि आपण मान हलवतो. नेमका आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. मध्यम सेडानला तो बहुधा तीसच्या थोडा वर असतो. टायरच्या अंगावर छापलेला जास्तीत जास्त दाबाचा आकडा भरण्यासाठी नसतो.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, याला कारण आहे. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. ऐरोली-महापेहून ट्रॅफिकमधून घरी येईपर्यंत टायर ३-४ पीएसआयने सहज वर गेलेला असतो. तेव्हा मोजून ३३ केलात तर सकाळी प्रत्यक्षात २९-३० असणार. स्वतःचं प्रेशर गेज घ्या आणि घराजवळच्या पंपावर सकाळीच हवा भरा. इतक्या स्वस्तात राइड सुधारणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल तर कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर झुकाव) किंवा टो (वरून बघताना चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) बिघडलाय. ट्रेडचे ठोकळे एका दिशेने हात फिरवल्यावर गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीच्या दात्यांसारखे टोचत असतील तर नक्की टो. हे वाचता आलं की अलाइनमेंटवाल्याला, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवणाऱ्याला, ‘करून दे’ म्हणण्याऐवजी ‘डाव्या पुढच्या चाकाचा टो बघ’ असं सांगता येतं, आणि काम वेगळ्या गांभीर्याने होतं.

आता या सगळ्या तक्रारीचं खरं मूळ. ट्रेडवर ठरावीक अंतराने उथळ खळगे पडलेले असतात, बहुधा मागच्या टायरवर. याला कपिंग म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच सेडानमध्ये मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई, असतो आणि डिकी रिकामी असताना मागचं वजन कमी असतं. मागचे शॉकअब्सॉर्बर थकले की चाक रस्त्यावर दाबून बसत नाही, उड्या मारत चालतं. प्रत्येक उडीला टायरचा तोच भाग जास्त घासला जातो. मग घुं-घुं असा आवाज सुरू होतो आणि वेगाबरोबर वाढत जातो.

इथे ते चक्र लक्षात घ्या. आवाजाची तक्रार घेऊन आपण जातो, दुकानात टायर रोटेशन करतात, म्हणजे खळगे पडलेले मागचे टायर पुढे येतात. आता थरथर थेट स्टेअरिंगमध्ये. बॅलन्सिंग करतात, चाकाचं वजन सारखं होतं, पण खळगे तसेच राहतात. थोडे दिवस बरं वाटतं. दरम्यान मागे गेलेले चांगले टायर त्याच थकलेल्या शॉकवर खळगे पाडून घेत असतात. शेवटी चारही जातात आणि नवे चारही त्याच वाटेला लागतात. मागचे शॉक न बदलता टायर बदलले, तर हे पुन्हा होणारच. शॉकच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर तो संपलाच. पण ओघळ नसतानाही थकलेला असू शकतो. स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर मागचा भाग एकदा दबून स्थिर व्हायला हवा. तो दोन-तीनदा हलत राहिला तर दोन्ही बाजूंचे शॉक जोडीने बदला.

रिम: जिथे बॅलन्सिंग हरतं

बॅलन्सिंग वजन सारखं करतं, गोलाई नाही. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आदळलेला अलॉय रिम आतल्या कडेला वाकतो, बाहेरून काही दिसत नाही. मशीनवर शिशाचे तुकडे लावून आकडा शून्य करता येतो आणि रस्त्यावर चाक तरीही वर-खाली नाचतं. म्हणून बॅलन्सिंगच्या वेळी मशीनजवळ उभं राहा. फिरत्या चाकाच्या दोन्ही कडा एका स्थिर टोकाच्या जवळून जाताना बघा. कड टोकापासून जवळ-लांब होत असेल तर रिम वाकडा आहे, आणि एका चाकाला खूप वजन लागत असेल तरी शंका घ्या. हलका वाक चांगल्या कारागिराकडे सरळ होतो. तडा गेलेला अलॉय वेल्ड करून पुढच्या चाकाला लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यातली एक साधी गोष्ट यातच येते. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसतो आणि बॅलन्सिंग बिघडवतो. मशीनवर चढवण्याआधी चाक आतून धुतलंच पाहिजे. आणि एकाच टायरमधली हवा पुन्हापुन्हा उतरत असेल तर खिळा शोधून थांबू नका. खाडीकाठच्या खारट दमट हवेत रिमच्या कडेला गंज किंवा पांढरा थर धरतो आणि टायर तिथे घट्ट बसत नाही. साबणाचं पाणी कडेला आणि वॉल्वला लावून बुडबुडे बघा.

आवाज टायरचा की बेअरिंगचा?

आपल्या भागात ही परीक्षा फुकट करता येते. ठाणे-बेलापूर रस्ता काँक्रीटचा, पाम बीच रोड डांबरी. काँक्रीटवर गुणगुण येते आणि पाम बीचवर ती बरीच कमी होते, तर आवाज टायरचा. दोन्हीकडे सारखाच येत असेल तर बहुधा बेअरिंग, ज्यावर चाक फिरतं तो भाग. मोकळ्या वळणावर आणखी कळतं: उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग बघा, डावीकडे वळताना वाढला तर उजवं. बेअरिंगच्या आवाजासाठी टायर बदलून घेतलेली माणसं मी बघितली आहेत, म्हणून हे सांगतेय.

कमी वेगात खड्ड्यांवर कट-कट आवाज येत असेल तर तो टायरचा नाहीच. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकचं वरचं माउंट या क्रमाने तपासून घ्या.

गाडी ओढते

आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेकडे उतरते असतात, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी किंचित डावीकडे जाणं स्वाभाविक आहे. त्याहून जास्त ओढत असेल तर आधी हवा बघा. मग पुढचे दोन टायर आपसात डावे-उजवे करा, फक्त त्यांवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही याची खात्री करून. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे. नाही बदलली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक. एका बाजूचा कॅलिपर (ब्रेकची डिस्क आवळणारा भाग) अडकला असेल तर फेरीनंतर त्या चाकाजवळ जास्त उष्णता जाणवते.

अलाइनमेंटबद्दल एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. सस्पेन्शनचा रबरी बुश फाटलेला किंवा स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड एंड ढिला असताना केलेली अलाइनमेंट वाया जाते, कारण मशीनवर उभी असताना टो बरोबर दिसतो आणि रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक जागा सोडतं. आधी ढिलाई काढा, मग अलाइनमेंट करा, आणि आधीच्या-नंतरच्या मापांचा छापील कागद मागा. बऱ्याच सेडानमध्ये पुढचा टो एवढंच कारखान्याने जुळवण्यासारखं ठेवलेलं असतं. मशीनच्या पडद्यावर कॅम्बर लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, दिसतो म्हणून कोणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट (पुढच्या चाकाचा शॉकसकटचा खांब) वाकवायला निघालं, तर नको म्हणा. कॅम्बर बाहेर गेलाय याचा अर्थ काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, ते शोधायला हवं.

आता खरेदी

आधी खरंच गरज आहे का ते बघा. ट्रेडच्या खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिमी, ट्रेड त्यांच्या पातळीला आला की टायर संपला. पण आपल्या पावसात तिथपर्यंत थांबू नये, ३ मिमी राहिले की मे महिन्यातच बदलून घ्यावेत. खाच उथळ झाली की पाणी बाजूला सारलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो.

आकार बदलायचा मोह पुष्कळांना होतो. इथे आकडेमोड करूनच ठरवा. १८५/६५ आर१५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडवॉल त्याच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिमी, रिम १५ इंची. एकूण व्यास साधारण ६२१ मिमी. १९५/५५ आर१६ चा व्यासही जवळजवळ तेवढाच, पण साइडवॉल १०७ मिमी. सियाझसारख्या गाडीत व्हेरिएंटप्रमाणे हे दोन्ही आकार आले आहेत. वरच्या व्हेरिएंटचा मोठा अलॉय दिसायला छान, पण खड्डा आणि रिम यांच्यामध्ये १३ मिमी रबर कमी. शीळ फाटा, मुंब्रा बायपास आणि घोडबंदर रोजचं असेल तर तो फरक पावसाळ्यात फुग्यांच्या रूपाने दिसतो. तुमच्याच गाडीच्या खालच्या व्हेरिएंटला लहान रिम येत असेल आणि तो तुमच्या ब्रेक कॅलिपरवर नीट बसत असेल, तर खाली येण्याचा विचार जरूर करा. एकाच टायरला वारंवार फुगा येणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच असतो. उलट १७ इंचावर जाऊन ‘राइड कडक झाली’ म्हणणाऱ्याला टायरचा कुठलाच ब्रँड वाचवू शकत नाही.

आहे त्याच रिमवर आकार वाढवायचा असेल तर व्यासातला फरक कमीत कमी ठेवा. १८५/६५ च्या जागी १९५/६५ आर१५ टाकला तर व्यास सुमारे २ टक्क्यांनी वाढतो: स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवतो, पिकअप जरा मंदावतो, आणि पूर्ण स्टेअरिंग वळवल्यावर किंवा गाडी भरलेली असताना आतलं प्लास्टिक घासतंय का ते बघावं लागतं. टायरवर आकाराच्या पुढे छापलेला शेवटचा आकडा आणि अक्षर विसरू नका. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. टी म्हणजे ताशी १९० किमीची क्षमता, एच २१०, व्ही २४०. कंपनीने दिलंय त्याहून खालचं चालणार नाही, वरचं चालेल.

मॉडेल निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: तुम्हाला किलोमीटर हवेत की शांत, मऊ चाल? दोन्ही पूर्णपणे एका टायरमध्ये मिळत नाहीत. अपोलोचा अमेझर फोर-जी लाइफ नावाप्रमाणे आयुष्यावर भर देणारा. मिशलिनचा प्रायमसी ४ एसटी शांत चालीसाठी ओळखला जातो, आणि त्याची किंमतही तशीच असते. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत जास्त आयुष्याचा कडक टायर घेण्यात मला अर्थ वाटत नाही. ट्रेड शिल्लक असतानाच रबर म्हातारं होईल. पाच वर्षं झाली की दरवर्षी तडे तपासावेत. उघड्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत तर नक्कीच.

तारीख स्वतः वाचा. टायरच्या बाजूवर ‘DOT’ ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे: २३२५ म्हणजे २०२५ मधला तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम. चारही टायरची तारीख वेगवेगळी तपासा, एक बघून समाधान मानू नका.

दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे लावा. दुकानात यावर वाद होतो, कारण फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचे लवकर झिजतात आणि नवे पुढेच लावायची सवय पडली आहे. पण ओल्या रस्त्यावर पुढचे घसरले तर गाडी सरळ जात राहते, वेग कमी करून ती सावरता येते. मागचे घसरले तर गाडी फिरते, आणि ते सामान्य चालकाच्या हाताबाहेरचं असतं.

बसवण्याचा दिवस

गाडी सोडून चहाला जाऊ नका. जुनी वजनं काढली का, वॉल्व नवे घातले का, हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, गंज ब्रशने काढला का, हे बघा; हब आणि रिम यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तर नवं चाकही तिरकं बसतं आणि नव्या टायरची थरथर तिथूनच सुरू होते. साइडवॉलवर ‘आउटसाइड’ लिहिलं असेल तर ती बाजू बाहेरच हवी. नट आधी हाताने, समोरासमोरच्या क्रमाने लावायचे आणि शेवट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, करायचा. मॅन्युअलमधला आकडा आधीच लिहून न्या. नुसत्या हवेच्या गनने कमी-जास्त आवळलेले नट ब्रेकची डिस्क वाकवतात, आणि मग ब्रेक मारताना थरथर येते. बाहेरून घेतलेला अलॉय असेल तर मधलं भोक हबवर नेमकं बसतंय का तपासा, नाहीतर मधली फट भरणारी सेंटरिंग रिंग घाला.

पहिले दीड-दोनशे किलोमीटर हळू चालवा, नव्या रबरावर साच्यातल्या तेलकट थराचा अंश असतो. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्कवर तपासून घ्या. नंतर दर आठ-दहा हजारांना रोटेशन करा, आणि त्या वेळी तळहात फिरवून खळगे आहेत का ते आधी बघा. सापडले तर चाकं फिरवण्याऐवजी शॉककडे वळा.

एवढं करूनही एखादा नवा टायर नाचत असेल तर तो सरळ असलेल्या दुसऱ्या रिमवर चढवून बघा. तिथेही नाचला तर टायरच गोल नाही, आणि हा उत्पादनातला दोष आहे. बिलावर चारही टायरचे सिरीयल नंबर लिहून घेतले असतील तर कंपनीच्या तपासणीसाला दाखवून दावा करता येतो. खड्ड्याने झालेला कट किंवा फुगा साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, त्यामुळे टायर विकत घेताना दुकानदाराकडे त्यासाठी वेगळं संरक्षण मिळतं का ते विचारा आणि त्याच्या अटी बिलासोबत लेखी घ्या.